वर्षभर छान ऐकू आलं, आता नुसती खरखर: सेट बदलावा का?

प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाईजवळचं गाव. वर्षापूर्वी टेकसनचा पोर्टेबल रेडिओ घेतला, गच्चीवर तार ताणली. मग हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास होऊन व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन आला आणि चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झवर, मायक्रोबिटएक्स या छोट्या ट्रान्समीटर-रिसीव्हरने बोलणं सुरू झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मजेत गेले. एप्रिलपासून मात्र शॉर्टवेव्हवर निम्मी स्टेशनं सापडत नाहीत आणि सात मेगाहर्ट्झवर खरखरीखाली माणसं गाडली गेली आहेत. चाळीस-पन्नास हजारांचा नवा सेट घ्यावा का, आणि दुसऱ्या वर्षी काय करावं?

सेट घेऊ नका, निदान ही एक चाचणी होईपर्यंत तरी. रात्री नऊच्या सुमारास सेट सात मेगाहर्ट्झवर रिकाम्या जागी लावा. आवाज नेहमीइतका ठेवा आणि अँटेनाचा प्लग काढा. खरखर एकदम खाली बसली, तर तुमच्या सेटची संवेदनशीलता पुरेशी आहे. जो गोंगाट आहे तो तारेवाटे बाहेरून येतोय, आणि महागडा सेट तोच गोंगाट जास्त स्वच्छ ऐकवेल. प्लग काढूनही काहीच फरक पडला नाही, तरच सेट, केबल किंवा कनेक्टरकडे बघायचं. चाळीस मीटरवर बऱ्यापैकी तार असताना आजकालच्या जवळपास कुठल्याही सेटला ही चाचणी सहज जमते.

आता एप्रिलचं. मराठवाड्यात मार्चअखेर ते मृग या काळात तीन वेगळ्या गोष्टी एकदम येतात. नवीन माणूस त्यांची एकच मोट बांधतो आणि दोष सेटच्या माथी मारतो.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. आंतरराष्ट्रीय शॉर्टवेव्ह स्टेशनं वर्षातून दोनदा फ्रिक्वेन्सी बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे हिवाळ्यात मेमरीत भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सींपैकी बऱ्याच एप्रिलमध्ये रिकाम्या किंवा दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असणार. ईआयबीआय ही शॉर्टवेव्ह वेळापत्रकाची यादी मोफत मिळते, दर हंगामाला नवी उतरवून घ्यायची. शिवाय काही दारं बंद झाली आहेत. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. व्हॉइस ऑफ अमेरिकाची बहुतेक प्रसारणं मार्च २०२५ मध्ये गप्प झाली. जुन्या पुस्तकातली किंवा मोठ्या भावाच्या वहीतली फ्रिक्वेन्सी लावून 'रेडिओ ओढत नाही' म्हणण्यात अर्थ नाही. एवढं होऊनही चीनची प्रचंड ताकदीची प्रसारणं, बीबीसी इंग्रजी, जपानचं एनएचके, कोरियाचं केबीएस, रोमानिया ही स्टेशनं आपल्याकडे साध्या तारेवर येतात. फक्त बँड वेळेप्रमाणे धरायचा: अंधार पडल्यावर ४९, ४१ आणि ३१ मीटर, दिवसा २५ मीटरपासून वर १६ मीटरपर्यंत. दुपारी दोन वाजता ४९ मीटर फिरवत बसलात तर आयनोस्फिअरचा, म्हणजे लहरी परतवणाऱ्या वरच्या हवेच्या पट्ट्याचा, खालचा डी थर सगळं गिळून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट विजांची. वळवाचा पाऊस तुमच्या गावात पडलाच पाहिजे असं नाही. रात्री सात मेगाहर्ट्झच्या लहरी हजार-दोन हजार किलोमीटर सहज जातात, आणि तेवढ्या टापूतली प्रत्येक वीज तुमच्या स्पीकरमध्ये 'कडाड' करते. तिला ठरावीक ताल नसतो. कधी एकटी येते, कधी रांग लागते. त्यावर इलाज नाही, वेळेची निवड आहे. मे-जूनमध्ये चाळीस मीटरचं बोलणं सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात उरका. रात्र काढायचीच असेल तर २० मीटर किंवा वर जा, तिथे कडकडाट बराच मंद असतो. सेटचा नॉइज ब्लँकर (आखूड ठोके कापणारी सोय) या लांबट आवाजांवर चालत नाही. आरएफ गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) थोडा खाली आणि व्हॉल्यूम थोडा वर केलात की कानाला त्रास कमी होतो.

तिसरी गोष्ट माणसाने केलेल्या गोंगाटाची, आणि खरी मेहनत इथेच करायची आहे. उन्हाळ्यात कूलर लागतात, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दिवसभर अर्ध्यावर चालतात, धुळीने माखलेले इन्सुलेटर वाळतात. हे सगळं रेडिओवर उतरतं.

शोध असा घ्या. पोर्टेबल सेट बॅटरीवर चालवा, चार्जर काढून टाका. नंतर घराचा मेन एमसीबी पाडा. गोंगाट गेला तर चोर घरात आहे. एकेक सर्किट चालू करत जा, सापडतो. बहुतेक वेळा तो स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टर निघतो. बल्ब आणि चार्जर बदलणं हे त्यांच्या तारांना फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय रिंग) लावत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. मेन पाडूनही गोंगाट तसाच राहिला तर सेट हातात घेऊन बाहेर पडा. आता मध्यम लहरीवर रिकामी जागा लावा आणि सेट आडवा धरून फिरवा. आतल्या फेराइट दांडीचं टोक ज्या दिशेला असताना आवाज सगळ्यात पडतो, त्या रेषेवर उगम असतो. दोन जागांवरून अशा दोन रेषा काढल्या की त्या कुठे छेदतात ते कळतं. जवळ गेल्यावर सगळीकडेच आवाज मोठा वाटायला लागतो. तेव्हा वरच्या फ्रिक्वेन्सीवर सरका, १५ मेगाहर्ट्झ, मग २५. जितकी वरची फ्रिक्वेन्सी, तितका तो आवाज उगमाजवळच ऐकू येतो.

आपल्याकडे ठरलेले गुन्हेगार आहेत आणि कानाला ते ओळखता येतात.

साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखा 'टक्‌... टक्‌' आवाज म्हणजे शेतातलं झटका मशीन, रानडुकरं आणि रोह्यांसाठी लावलेलं. चांगलं मशीन आणि स्वच्छ तार असेल तर आवाज फारसा होत नाही. गवत तारेला टेकलं, नुसती पिळ घातलेली गाठ गंजली किंवा इन्सुलेटर फुटला की तिथे प्रत्येक ठोक्याला ठिणगी पडते, आणि ती ठिणगीच ट्रान्समीटर बनते. अंधार पडल्यावर तारेकडेने चालत गेलं तर ठिणगी दिसते, तिची चटचट ऐकूही येते. शेजाऱ्याकडे भांडायला जाऊ नका. जिथे ठिणगी पडते तिथे त्याचा करंट वाया जातो आणि पुढे कुंपण ढिलं पडतं, एवढं त्याला दाखवा. मशीन बंद करून गवत कापणं आणि गाठी क्लॅम्पने आवळणं तो आनंदाने करेल.

सूर्य वर आला की सुरू होणारी, ढग आला की सूर बदलणारी आणि संध्याकाळी आपोआप थांबणारी घरघर सौर पंपाच्या कंट्रोलरची असते. डीसीचं तीन फेजमध्ये रूपांतर करताना आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि पॅनेलपासून मोटारीपर्यंतच्या लांब केबल अँटेनाचं काम करतात. कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या केबलवर मोठे फेराइट चढवले आणि अर्थिंग नीट केली तर फरक पडतो, पण दुसऱ्याच्या योजनेतल्या पंपाला हात लावण्यापेक्षा आपली अँटेना लांब नेणं सोपं.

जाड, खडबडीत 'घर्रर्र', शंभर हर्ट्झची, कोरड्या दिवसांत जोरात आणि पहिल्या सरीनंतर अचानक गायब, ही विजेच्या लाईनवरची ठिणगी. सैल जंपर, तडकलेला इन्सुलेटर, डीपीवरचा जळका फ्यूज, किंवा कुणाचा आकडा. पाऊस पडला की ती फट ओली होते आणि ठिणगी थांबते. म्हणून ही शोधमोहीम पावसाच्या आधीच करायची. खांबाचा नंबर लिहून घ्या आणि लाईनमनला द्या. खांबाला किंवा ताण्याला हात लावू नका, ठोकूनही बघू नका.

गोंगाट मोजत राहिलात तर वाद राहत नाही. पोर्टेबलवर डीबी मायक्रोव्होल्टचा आकडा दिसतो. तो इतर कुणाच्या आकड्याशी जुळणार नाही, पण त्याच सेटवर, त्याच तारेवर, ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या त्याच रिकाम्या जागी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊला लिहिला तर महिन्याभरात चित्र स्पष्ट होतं. पहाटे तीन फेज लाईट आल्यावर आकडा चढतो का, दुपारी चढून संध्याकाळी उतरतो का, एवढं बघितलं तरी उगम निम्मा सापडला.

एक गोष्ट यात मिसळू देऊ नका, ती म्हणजे ओव्हरलोड. पोर्टेबलला वीस मीटर तार थेट लावली की संध्याकाळी ४१ मीटरची दांडगी प्रसारणं आणि मध्यम लहरीचं जवळचं स्टेशन सेटच्या पुढच्या भागाला दाबून टाकतात. परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर आहे. परभणी-मानवतच्या टापूत राहणाऱ्यांना तिचे भलत्याच जागी उमटलेले पडसाद ऐकू येऊ शकतात. परीक्षा सोपी आहे: डीएक्स-लोकल स्विच लोकलवर टाका. खरं स्टेशन थोडं मंद होतं, भूत एकदम नाहीसं होतं. मग ॲटेन्युएटर चालू ठेवूनच ऐका, किंवा दोन मेगाहर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा. जास्त सिग्नल म्हणजे चांगलं ऐकू येणं, हा समज पहिल्या वर्षातच सोडलेला बरा.

आता पैसे खर्च करायचेच असतील तर ते तारेवर करा. ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मध्यात केबल जोडलेली दोन समान बाजूंची तार: १४३ भागिले फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकूण सुमारे २०.१ मीटर, प्रत्येक बाजू १०.०५. हे उघड्या तारेसाठी. आपण घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी तार वापरतो, तिच्यावरच्या आवरणामुळे लांबी दोन-तीन टक्के कमी लागते. तरीही कापताना १०.१५ मीटर ठेवा. नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्राने सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) कुठल्या फ्रिक्वेन्सीला येतो ते बघा. समजा ६.९५ ला आला. १०.१५ गुणिले ६.९५ भागिले ७.१०, उत्तर ९.९४. म्हणजे प्रत्येक बाजूने २१ सेंटिमीटर कमी. तार कापू नका, टोकाला मागे दुमडून स्वतःवरच पिळा. पुन्हा वाढवायची वेळ आली तर हाताशी राहते.

उंची नऊ-दहा मीटर. सहा मीटरचा सव्वा इंची जीआय पाइप, त्यात साडेचार मीटरचा एक इंची सरकवून दोन आरपार बोल्ट, वरच्या टोकाला कप्पी, तीन दिशांना ताणे. मधला भाग वर आणि दोन्ही टोकं लिंबाच्या झाडाकडे किंवा कंपाउंडकडे उतरती, असा उलटा 'व्ही' इथे सगळ्यात सोयीचा. मधला कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ देऊ नका, १२० च्या आसपास छान. टोकं जमिनीपासून निदान अडीच मीटर, कारण ट्रान्समिट करताना टोकांवर व्होल्टेज जास्त असतं आणि गुरं-पोरं फिरतात. माळवदाच्या घरावर पाइपचं वजन टाकू नका, भिंतीच्या बाहेरून जमिनीतून उभा करा. पत्र्याच्या छतापासून तार जितकी वर तितकं उत्तम. पत्र्यावर दीड मीटरवर ताणलेली तार एसडब्ल्यूआर बरा दाखवेल आणि तरीही सिग्नल देणार नाही.

नऊ-दहा मीटर उंची म्हणजे सात मेगाहर्ट्झला जवळजवळ पाव तरंगलांबी. अशी तार वरच्या दिशेने जास्त फेकते आणि दिवसा ३००-४०० किलोमीटरच्या आतलं सगळं भरून काढते: लातूर, नांदेड, पुणे, हैदराबाद. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने दिवसा वरचा एफ थर दाट असतो आणि सात मेगाहर्ट्झ सरळ वर पाठवलं तरी परत येतं. पहाटे तो थर विरळ होतो, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातला माणूस गायब आणि हजार किलोमीटरवरचा खणखणीत, असं होतं. त्यात तुमच्या सेटचा काही दोष नाही, सूर्य उगवल्यावर तासाभरात तो शेजारी परत येतो. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ज्या भागाने सोसला, तिथे टेलिफोन आणि टॉवर दोन्ही गेल्यावर जिल्ह्याच्या आत बोलता येणं किती मोलाचं, हे सांगायला नको. लांबच्या देशांच्या नादात ही बुटकी, कामाची तार मोडू नका.

केबल आरजी-५८ चालते. सात मेगाहर्ट्झला वीस मीटरमध्ये एक डेसिबलही जात नाही. नुसतं ऐकायचं असेल तर केबल टीव्हीची आरजी-६ सुद्धा पुरते. फक्त तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला कथील धरत नाही, म्हणून दाबून बसवायचे एफ कनेक्टर वापरा. कथील लावलंत तर सोल्डर झाल्यासारखं दिसतं आणि सहा महिन्यांत सांधा सुटतो.

डायपोलच्या मध्याला चोक, म्हणजे केबलच्या जाळीवरून बाहेरून वाहणारा करंट अडवणारी गुंडाळी, मात्र हवाच. एफटी२४०-३१ या फेराइट रिंगवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. एफटी२४०-४३ मिळाली तर तीही चालेल. भंगारातल्या कॉम्प्युटर एसएमपीएसमधली पिवळी-पांढरी रिंग यासाठी निरुपयोगी, ती लोखंडी भुकटीची असते आणि या कामाला लागणारा अडथळा देत नाही. चोक नसेल तर केबलची जाळीच तिसरा पाय बनते आणि घरातला सगळा कचरा गोळा करून सेटपर्यंत आणते. पुष्कळ ठिकाणी गोंगाटाचा निम्मा प्रश्न या एका रिंगने सुटतो. दुसरी रिंग केबल घरात शिरते तिथे लावली तर आणखी बरं.

पॉवरबद्दल फार विचार करू नका. मायक्रोबिटएक्सचे १० वॅट आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या मर्यादेतले ५० वॅट यांत फरक सात डेसिबलचा, म्हणजे एस मीटरवर जेमतेम एक घर. तीन मीटरवरची तार नऊ मीटरवर नेली तर अनेकदा तेवढं तिथेच मिळतं. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्सची रचना मुद्दाम साधी आणि दुरुस्त करता येईल अशी केली. त्यामुळे तो सेट उघडायला घाबरू नका. पण त्यातले आयआरएफ५१० हे पॉवर ट्रान्झिस्टर उन्हाळ्यात सांभाळा. पत्र्याखालच्या खोलीत चाळीसच्या वर पारा असताना एफटी८ हे कॉम्प्युटरवरून चालणारं डिजिटल प्रक्षेपण चालवलं, तर दर पंधरा सेकंदांच्या आड १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. हीटसिंकवर छोटा पंखा ठेवा, पॉवर पाच वॅटवर आणा. एफटी८ ला पाच वॅट भरपूर होतात. बायस (ट्रान्झिस्टरला सिग्नल नसतानाही वाहू दिलेला ठरावीक करंट) उन्हाळ्यात एकदा थंड आणि एकदा तापलेल्या अवस्थेत तपासा. तापल्यावर करंट चढत राहिला तर ट्रान्झिस्टर जायला फार वेळ लागत नाही. एफटी८ वर स्क्रीनवरच्या धबधब्यात (वॉटरफॉल) सिग्नल दिसतात पण काहीच उमटत नाही, अशी तक्रार गावाकडून नेहमी येते. तिथे लॅपटॉपचं घड्याळ बघा. दोन सेकंद इकडेतिकडे झालं की डिकोड बंद. नेट नसेल तर यूएसबी जीपीएस लावा.

अर्थिंग आणि वीज. काळी माती पावसाळ्यात उत्तम धरते आणि मेमध्ये भेगा पडून दांड्यापासून सुटते. दोन-अडीच मीटरचा दांडा खालच्या ओलसर मुरमापर्यंत गेला पाहिजे. भोवती बेंटोनाइट भरा आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी द्या. रेडिओचा दांडा घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडलेला असावा, दोन्ही वेगळे ठेवले तर विजेच्या वेळी त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक तुमच्या सेटमधून वाट काढतो. केबलवर गॅस डिस्चार्ज अरेस्टर (विजेचा झटका अर्थकडे वळवणारा) लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ढग दिसायच्या आत, नुसतं गडगडलं तरी, केबल घराबाहेरच काढून अर्थ केलेल्या पत्र्याच्या पेटीत जोडायची. खिडकीतून आत आणून टेबलाखाली टाकलेली केबल सोडवल्यात जमा नाही. दोरीचंही बघा: साधी नायलॉन आपल्या उन्हात वर्षभरात पांढरी पडून तुटते. काळी, उन्हाला टिकणारी दोरी घ्या आणि दर एप्रिलमध्ये टोकं तपासा.

दुसऱ्या वर्षात वरच्या बँडचा वेध घेत राहा. सूर्यावरच्या डागांच्या चढ-उताराचं, म्हणजे सौरचक्र २५ चं, शिखर ऑक्टोबर २०२४ मध्ये येऊन गेलं, आता उतार आहे, पण १५ आणि १० मीटर लगेच मरत नाहीत. बँड उघडा आहे का हे ओरडून बघण्यापेक्षा १४.१०० मेगाहर्ट्झवर तीन मिनिटं थांबा. जगभरातले १८ बीकन (आपोआप चालणारी खुणेची स्टेशनं) तिथे पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. चक्र तासाच्या ठोक्याला सुरू होतं आणि दर तीन मिनिटांनी फिरतं. चक्र सुरू होऊन एक मिनिट झालं की जपान, दीड मिनिटाला श्रीलंका, दोन मिनिटांना इस्रायल, त्यानंतर दहा सेकंदांनी फिनलंड. मोर्स येत नसलं तरी घड्याळावरून कोण ते कळतं. एखादा बंद असू शकतो, म्हणून एकाच्या गैरहजेरीवर निष्कर्ष काढू नका. प्रत्येक जण कॉलसाइननंतर चार लांब रेघा देतो: १००, १०, १ आणि ०.१ वॅटने. तिसरी रेघ ऐकू आली, म्हणजे एका वॅटने तिकडून इकडे पोचता येतंय. तुमचे दहा वॅट त्या दिशेला कशाला अडतील? हेच २१.१५० आणि २८.२०० वरही चालतं, फक्त प्रत्येकाची पाळी तिथे अनुक्रमे वीस आणि चाळीस सेकंद उशिरा येते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी १० मीटर सोडू नका. विषुववृत्तापलीकडची दारं आपल्या अक्षांशावरून तेव्हाच उघडतात.

जनरल ग्रेड, म्हणजे परवान्याची वरची पायरी, हवी असेल तर मोर्स मिनिटाला आठ शब्द लागतं. आठच्या संथ गतीने शिकू नका, अक्षरं पंधरा-अठराच्या वेगाने ऐका आणि मधल्या जागा लांब ठेवा. टिंब-रेघा मोजायची सवय लागली की ती सोडवणं अवघड.

नोंदवही यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. आपले साडेपाच तास वजा करताना तारीख विसरली जाते: पहाटे साडेपाचच्या आधीचा संपर्क आदल्या तारखेचा असतो. लॉटडब्ल्यू या संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीत न जुळणाऱ्या संपर्कांत ही चूक फार सापडते. ग्रिड लोकेटर, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून ठरणारा तुमच्या चौकोनाचा कोड, तोही तपासा. छत्रपती संभाजीनगर आणि जालना एमके७९, परभणी, हिंगोली, नांदेड एमके८९, लातूर आणि अंबाजोगाई एमके८८. बीड शहर १९ अंशाच्या रेषेला अगदी खेटून, एमके७८ च्या वरच्या काठावर आहे, धाराशिव ७६ रेखांशाच्या जरा पूर्वेला. या दोन शहरांतल्या लोकांनी गावाच्या नावावर न जाता आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर बघून चौकोन ठरवावा.